दोन महालांची दुभाषी

अग्रिपिना सोआरेस गोड स्वभावाची आहे असं तिच्या आईनेही कधी म्हटलं नाही. राजधानी दिलीतल्या बेकोराच्या बाजारात ती दिसली की भाजीवाल्या कोमेजलेल्या जुड्या आपणहून मागे सारत. शिळा मासा ताजा म्हणून खपवायच्या भानगडीत मासेवाला पडत नसे. तोंडाने फटकळ, मान ताठ, आणि चुकीचा शब्द कानावर पडला की समोर मंत्री असो वा रिक्षावाला, तिथल्या तिथे दुरुस्त करणार. अशा बाईने आयुष्यभर पोट भरलं ते मात्र दुसऱ्यांचे शब्द जसेच्या तसे पोचवून, त्यात आपलं तिखटमीठ न घालता. दैवाची थट्टाच म्हणायची.

तिचा जन्म वेनिलालेच्या डोंगरात, लढाईच्या काळात. बाप जंगलात गेला तो परत आलाच नाही. मागे आई ओलांदिना आणि दोन पोरं, थोरला कासियानो आणि धाकटी ही. कासियानोला पाद्र्यांनी उचललं, शिकवलं आणि पुढे लिस्बनला धाडलं. तिथून तो कायद्याची पदवी, चांदीच्या काड्यांचा चष्मा आणि अस्खलित पोर्तुगीज घेऊन आला आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे लोक त्याला 'डॉक्टर' म्हणू लागले. अग्रिपिना शिकली ती शत्रूच्या भाषेत, जावातल्या कॉलेजात, कारण मुलीसाठी लिस्बनची शिष्यवृत्ती मागावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. पोर्तुगीज ती मागाहून शिकली, एका म्हाताऱ्या ननकडून आणि रेडिओवरून. इंग्रजी शिकली ती निळ्या टोप्यांचे परदेशी सैनिक गावोगाव फिरत होते तेव्हा, त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून.

"तुझं पोर्तुगीज म्हणजे सिमेंटची गोणी," कासियानो म्हणायचा. "पोचते, पण धूळ फार उडवते."

"आणि तुझं तेतुम?" ती म्हणायची. "निदान आईशी बोलताना तरी बूट काढून बोलत जा, माउन."

तेतुम म्हणजे आमची देशभाषा, आणि माउन म्हणजे दादा. तोपर्यंत ती त्याला माउन म्हणत होती.

स्वातंत्र्यानंतर दिलीत दोन महाल उभे राहिले. एक समुद्रकाठचा, पांढऱ्या कमानींचा, तिथे पंतप्रधान आणि त्यांचं सरकार. दुसरा जरा आत, झाडांमागे, तिथे राष्ट्राध्यक्ष. कासियानो परराष्ट्र मंत्रालयात लागला, म्हणजे पहिल्या महालाचा माणूस झाला. अग्रिपिना दुसऱ्या महालात दुभाषी झाली. राष्ट्राध्यक्षांच्या खुर्चीमागे, थोडी डावीकडे, पाठ न टेकता ती बसायची. मेजवानीत तिच्यापुढे ताट नसायचं. सगळे पाहुणे पोटभर जेवून उठले की ती स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्या भात खायची, आणि आचाऱ्याला मीठ कमी पडल्याचं सांगायची.

राष्ट्राध्यक्ष जुने लढवय्ये. सगळा देश त्यांना 'आवो' म्हणायचा, आजोबा. जंगलातल्या वर्षांनी गुडघे गेले होते, आवाज मात्र शाबूत होता. पोर्तुगीज चांगलं यायचं, पण परक्या पाहुण्यासमोर ते हटकून तेतुम बोलत. "माझ्या घरात येणाऱ्याने माझी भाषा ऐकावी," असं त्यांचं म्हणणं. म्हणून अग्रिपिनाशिवाय त्यांचं पान हलत नसे. तीही त्यांना मानत होती. देशात दोनच माणसं अशी होती ज्यांचे शब्द ती दुरुस्त करत नव्हती, एक आई आणि दुसरे आवो.

त्या वर्षी दोन महालांचं बिनसलं. निवडणुकीत आवोंच्या विरोधी पक्षाचं सरकार आलं. पंतप्रधानांनी दर आठवड्याला राष्ट्राध्यक्षांना भेटून कारभार सांगायचा, असा शिरस्ता. आधी पंतप्रधान यायचे थांबले, मग त्यांचा माणूस, शेवटी नुसता फोन. सरकारने नव्या राजदूतांची नावं पाठवली, ती आवोंनी सही न करता टेबलावर तशीच ठेवली. नावांवर धूळ बसली. त्याचं उट्टं संसदेने काढलं. आमच्याकडे राष्ट्राध्यक्षाला परदेशी जायचं तर संसदेची परवानगी लागते. आवोंना रोमला पोपच्या भेटीला जायचं होतं. संसदेने नाही म्हटलं. इस्त्री करून आणलेला काळा कोट पुन्हा कपाटात गेला.

रविवारी आईच्या घरी दोघं भावंडं जेवायला जमत, तेव्हा हेच भांडण ताटाभोवती फिरायचं.

"तुझ्या म्हाताऱ्याला कुणीतरी घटना वाचून दाखवा," कासियानो म्हणायचा. "देशाचं प्रतिनिधित्व त्याने करायचं, परराष्ट्र धोरण सरकारने ठरवायचं. चेहरा तुमचा, तोंड आमचं."

"मग चेहऱ्याला तुम्ही रोज थापडा का मारता?"

"चेहरा बोलायला लागला म्हणून."

"जेवा आता," आई म्हणायची, आणि दोघांच्या भातावर उकडलेला मका वाढायची.

अशात समुद्रापलीकडच्या एका बड्या देशाचा नवा राजदूत आपलं अधिकारपत्र द्यायला महालात आला. त्या देशाला आमच्या दक्षिण किनाऱ्यावर आपल्या गस्ती बोटींसाठी धक्का हवा होता, हे दिलीतल्या पोराटोरांना ठाऊक होतं. संसदेत चर्चा झाल्याखेरीज कुठल्याच परक्या आरमाराला किनारा द्यायचा नाही, असं मंत्रिमंडळाने ठरवलेलं, हेही ठाऊक होतं. अशा भेटीत राष्ट्राध्यक्षांनी काय बोलायचं ते मंत्रालय लिहून पाठवायचं. मैत्री, पाऊसपाणी, कॉफीचं पीक. त्या दिवशी तो कागद आवोंचा सल्लागार बेलार्मिनो याने कॉफीच्या ट्रेखाली सरकवून ठेवला होता. बेलार्मिनो म्हणजे हसरा, गुळगुळीत माणूस. वारा कुठून येतोय ते बोट ओलं न करताही त्याला कळायचं.

रोमचा नकार आदल्याच दिवशी आला होता. आवो रात्रभर झोपले नव्हते हे अग्रिपिनाला त्यांच्या डोळ्यांवरून दिसलं. त्यांनी राजदूताच्या गळ्यात ताइसचा विणलेला पट्टा घातला, फोटो झाले, फोटोवाले गेले. कॉफी आली. राजदूताने सहज विचारावं तसं विचारलं, आमच्या बोटींना तुमच्या किनाऱ्यावर कधीतरी जागा मिळेल अशी आशा धरावी का?

कागदावर याचं उत्तर होतं. आवोंनी कागदाकडे पाहिलंही नाही.

"तुमची बोट आमच्या किनाऱ्याला लागली," ते म्हणाले, "तर दोर धरायला मी स्वतः पाण्यात उतरेन. मला कुणाला विचारावं लागत नाही."

अशा वेळी दुभाष्याच्या हातात श्वासभर वेळ असतो. तेवढ्यात वाक्य बोथट करता येतं. 'आपलं स्वागतच आहे' म्हटलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. अग्रिपिनाला हे सगळं कळत होतं. पण आवोंना आयुष्यात पहिल्यांदाच काही बोथट करून हवं असेल असं तिला वाटलं नाही. तिने वाक्य होतं तसं, दोरासकट, पाण्यासकट इंग्रजीत ठेवलं.

राजदूताने कप खाली ठेवला. "हे मी माझ्या सरकारला कळवू शकतो?"

तिने विचारलं. आवो म्हणाले, "कळवा."

बेलार्मिनो आपल्या बुटांकडे बघत होता. राजदूत गेल्यावर त्याने तिला जिन्यापाशी गाठलं. "अग्रिपिनाताई, थोडं पातळ करायचं होतंत."

"पाणी घालायला मी ताडी विकत नाही," ती म्हणाली आणि निघून गेली.

आठवडा उलटायच्या आत त्या देशाच्या वर्तमानपत्रात बातमी आली: राष्ट्राध्यक्षांचा धक्क्याला होकार. दिलीत भडका उडाला. पंतप्रधान म्हणाले, देशाचा किनारा कॉफीच्या टेबलावर वाटला जातोय. संसदेत विरोधी बाकांवरून खुर्च्या आपटल्या गेल्या. विद्यापीठाची पोरं धक्का नको म्हणत पांढऱ्या महालासमोर धरणं धरून बसली, आणि आवोंचे जुने साथीदार डोंगरातून ट्रकमधून खाली उतरायला लागले. आमच्या गावाने एकदा असली आग बघितली आहे. लोकांनी पेट्रोल आणि तांदूळ भरून ठेवायला सुरुवात केली.

अग्रिपिना शांत होती. आवो पुढे येतील आणि म्हणतील, हो, मी बोललो, काय करायचं ते करा. याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तिने आईला तसं सांगितलंही.

शुक्रवारी दुपारी दोन्ही महालांनी मिळून एक निवेदन काढलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच दोघांनी एकाच कागदावर शिक्का मारला होता. भाषांतरातल्या दुर्दैवी अतिरेकामुळे राष्ट्राध्यक्षांच्या स्नेहाच्या उद्गारांना धोरणाचा अर्थ चिकटला, असं त्यात होतं. संबंधित दुभाषीला कामावरून दूर करण्यात आलं आहे. त्या बड्या देशानेही लगेच 'गैरसमज दूर झाला' म्हणून सांगितलं, कारण त्यांनाही भांडण नको होतं, धक्का हवा होता. वड्याचं तेल वांग्यावर निघालं, आणि सगळ्यांचं जेवण सुखाने झालं.

अग्रिपिनाने ते निवेदन रेडिओवर ऐकलं. 'स्नेहाच्या उद्गारांना धोरणाचा अर्थ चिकटला.' इतकं घोटीव पोर्तुगीज अख्ख्या दिलीत एकच माणूस लिहितो, हे तिला पहिल्या वाक्यालाच कळलं.

रविवारी कासियानो आला तो हातात भाजलेला मासा घेऊन. आई चुलीपाशी होती. अग्रिपिना दारातच उभी राहिली.

"तू लिहिलंस?"

तो खोटं बोलला नाही. "बेलार्मिनो आला होता. म्हणाला, काहीतरी वाट काढ. मी काढली."

"माझ्या अंगावरून."

"ऐकून घे. सरकार पडलं असतं किंवा म्हातारा पडला असता. ट्रक आले होते खाली, पाहिलेस ना? आपलं घर जळलं होतं ते आठवतं? आईला पाठीवर घेऊन मी चर्चपर्यंत पळालो होतो. ते परत हवं होतं तुला? त्यापेक्षा एका माणसाची नोकरी गेली, एवढंच."

"एका माणसाची नाही. माझी."

"मी तुला दुसरीकडे लावून देईन. थोडे महिने जाऊ देत."

"तुला ठाऊक होतं मी चुकले नाही."

"ठाऊक होतं," कासियानो म्हणाला. "म्हणून तर वाईट वाटतंय."

"वाईट वाटून घेण्यासाठी मासा आणलास. डॉक्टर, मासा घेऊन जा."

त्या दिवसापासून माउन गेला आणि डॉक्टर राहिला. आई चुलीकडे तोंड करून बसली होती. मुलगा गेल्यावर तिने एवढंच म्हटलं, "जेवून भांडला असतात तर."

मग सुरू झालं ते गावाचं. चर्चमध्ये ती बसली की बाकावरच्या बाया लांब सरकत. बाजारात भाजीवाल्यांनी जुन्या हिशेबांची परतफेड केली, आता कोमेजलेल्या जुड्या तिच्याच पिशवीत पडायच्या, आणि ती बोललीच तर उलट ऐकवायच्या, "तू अर्थ भलताच लावतेस ग बाई." घराच्या भिंतीवर कुणीतरी काळ्या रंगाने लिहिलं, किनारा विकणारी. पोरं तिला पाहून आपसात परक्या भाषेत बोलल्यासारखं करत आणि हसत. ती घासून घासून भिंत धुवायची. रंग गेला नाही, मग तिने तिथे कपड्यांची दोरी बांधली आणि त्यावर नेहमी एक चादर टाकून ठेवू लागली.

संसदेच्या समितीने तिला बोलावलं. पोलिसांनी नाही, कोर्टाने नाही, फक्त विचारपूस. पाठीमागच्या खुर्च्यांत मंत्रालयाची माणसं होती, त्यांत कासियानो होता.

समितीचा अध्यक्ष जाडजूड, घाम पुसणारा माणूस. त्याने विचारलं, "राष्ट्राध्यक्ष काय म्हणाले होते?"

"ते मी सांगणार नाही," अग्रिपिना म्हणाली.

"म्हणजे चूक झाल्याचं कबूल आहे."

"नाही."

"दोन्ही कसं चालेल, सेन्योरा?"

"बंद खोलीतलं खोलीतच ठेवायचं, ही मी घेतलेली शपथ. न केलेली चूक कबूल करायची, अशी शपथ मी घेतलेली नाही."

एक सदस्य पुढे झुकला. त्याला यात आपल्या पक्षाचं काही साधतंय का ते पाहायचं होतं. "म्हणजे राष्ट्राध्यक्ष खोटं बोलतायत?"

"त्यांना बोलावून विचारा," ती म्हणाली. "ते तेतुम बोलतात. दुभाषी लागणार नाही."

मागे कुणीतरी हसलं. अध्यक्षाने घाम पुसला आणि बैठक संपवली. आवोंना कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर पुन्हा ट्रक, पुन्हा खुर्च्या. दोन महालांची दिलजमाई आता कुणालाच मोडायची नव्हती. पंतप्रधान पुन्हा दर आठवड्याला झाडांमागच्या महालात जाऊ लागले. आवोंनी राजदूतांच्या नावांवरची धूळ झटकून सह्या केल्या. त्या नावांत डॉक्टर कासियानो सोआरेस हेही नाव होतं.

तो परदेशी जायच्या आधी आवोंनी अग्रिपिनाला घरी बोलावलं. महालात नाही, डोंगराच्या कुशीतल्या त्यांच्या स्वतःच्या घरी. दुपारची वेळ होती. आवो अंगणात लाकडी ठोकळ्यावर बसून आपल्या झुंजीच्या कोंबड्याला मका भरवत होते. थोरांच्या हाताचं चुंबन घ्यायचं, अशी आमची रीत. अग्रिपिनाने दोन्ही हात पाठीमागे ठेवले.

"बस, पोरी."

"उभी बरी आहे."

"लिस्बनच्या वकिलातीत जागा आहे. संस्कृती खातं. तू जाशील?"

"डॉक्टर कासियानो काय म्हणतात?"

आवोंनी कोंबड्याची मान कुरवाळली. "तुला राग आहे."

"तुम्हाला दिसला, बरं झालं. दुभाषी नाही तुमच्याकडे आता."

म्हातारा कोंबड्याकडे बघतच म्हणाला, "जंगलात होतो तेव्हा रेडिओवरून एक वाक्य बोललो की दूरदूरच्या राजधान्यांत लोक जागे व्हायचे. आता मला सजवून बसवतात. गळ्यात ताइस घाल, हात हलव, पाऊस बरा झाला म्हण. नातवाच्या वयाचे कारकून मला बोलायचं लिहून पाठवतात. त्या दिवशी माझं डोकं फिरलं."

"ते मला कळलं होतं. म्हणूनच तुमचं वाक्य मी मोडलं नाही."

"मला वाटलं, म्हातारा राष्ट्राध्यक्ष दोर धरायचं म्हणतोय, तर लोक खूश होतील."

"तुम्हाला किनारा द्यायचा अधिकार नव्हता, हे तुम्हाला माहीत होतं. घटना तुम्ही स्वतः सही करून आणली. नको असेल ती, तर खुर्ची सोडा, पक्ष काढा, निवडणूक लढवा, पंतप्रधान व्हा, आणि मग लावा बोटी. तुम्हाला कुणी अडवलंय? पण बोलायचं तुम्ही आणि जीभ माझी छाटायची, हे कुठल्या कलमात बसतं, आवो?"

"बेलार्मिनो म्हणाला, लोक चार दिवसांत विसरतील."

"तुमचं विसरले. माझं भिंतीवर लिहून ठेवलंय."

आवोंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "मी तसं बोललो होतो, अग्रिपिना. मी विसरलेलो नाही."

"हे मला सांगून काय उपयोग? मी तिथेच होते."

ती निघाली. मागून त्यांनी हाक मारली नाही. पुढच्या रविवारी चर्चमध्ये ते काहीतरी बोलतील असं आईला वाटत राहिलं, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही. आवो बोलले नाहीत. त्यांची मुदत संपली, नवे राष्ट्राध्यक्ष आले, आणि काही दिवसांनी सरकारनेच संसदेत ठराव करून त्याच बड्या देशाला दक्षिण किनाऱ्यावर धक्का दिला. आता तो धोरणाचा भाग होता. विद्यापीठाची पोरं यावेळी कुठे बसली नाहीत.

दिलीत राहणं अग्रिपिनाला नकोसं झालं. ती आईला घेऊन गावी, वेनिलालेला परतली. तिथे मार्कुस मामांनी, आईच्या थोरल्या भावाने, ठरवलं की भावाबहिणीची चटई अंथरायची. आमच्याकडे तंटा मिटवायचा तर घराण्याच्या पवित्र घरासमोर चटई अंथरतात, दोघं समोरासमोर बसतात, खरं बोलतात, मग एका पानदानातून पानसुपारी खातात. पान खाल्लं की तंटा संपला. कासियानो सुट्टीवर आला होता. त्याने सूट काढून ताइस गुंडाळलं होतं, पण पायांत मोजे होते, आणि ते पाहून अग्रिपिनाच्या कपाळाची शीर उठली.

मामा म्हणाले, "पूर्वज ऐकतायत. आधी थोरल्याने बोलावं."

कासियानो बोलला. चांगला बोलला. बहीण चुकली नव्हती हे त्याला ठाऊक होतं, तरी ते वाक्य त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. लिहिताना हात एकदा थांबला होता, पण त्याने वाक्य पुरं केलं. त्याचे डोळे भरले होते आणि ते खोटे नव्हते. आई हुंदके देत होती.

"अग्रिपिना?" मामांनी विचारलं.

"एकच विचारायचंय," ती म्हणाली. "हेच तू दिलीत बोलशील?"

कासियानोने चष्मा काढून पुसला. "दिलीत बोललो तर माझी नेमणूक जाईल. त्यापलीकडे, दोन्ही महालांची बेअब्रू होईल. तुला राज्यकारभार कळत नाही असं नाही."

"कळतो. म्हणूनच विचारलं."

मामांनी पानदान पुढे केलं. "पोरी, पूर्वजांसमोर त्याने खरं सांगितलंय. पान घे आता."

"पूर्वजांनी मला कामावरून काढलं नव्हतं, मामा. ज्यांच्यासमोर काढलं त्यांच्यासमोर बोलू दे त्याला. मग मी पान काय, त्याच्या हातचं विषही खाईन."

ती उठली आणि चटईवरून बाहेर पडली. न मिटलेल्या तंट्याची चटई गुंडाळायची की तशीच ठेवायची, यावर म्हाताऱ्यांत वाद झाला. संध्याकाळी पाऊस आला म्हणून कुणीतरी ती आत नेली. गावात लोक म्हणाले, हिचं काळीज दगडाचं. आईही काही दिवस तिच्याशी बोलली नाही. अग्रिपिनाला त्याचं दुःख झालं. पण बोललेलं परत घ्यावं असं एकदाही वाटलं नाही.

पुढे ती बाउकाउच्या इस्पितळात लागली. तिथे क्युबाहून आलेले डॉक्टर होते, स्पॅनिश बोलणारे, आणि डोंगरातून येणाऱ्या बायांना माकासाए या आपल्या बोलीखेरीज काही येत नसे. पोर्तुगीजच्या जोरावर अग्रिपिना त्यांची स्पॅनिश वर्षभरात शिकली. गरोदर पोरींची लाज, म्हाताऱ्यांचे शिव्याशाप, डॉक्टरांची चिडचिड, सगळं ती इकडून तिकडे पोचवायची, पातळ न करता. गोड ती तिथेही झाली नाही. परिचारिका तिला घाबरून असत, पण रोगी तिची वाट बघत.

मग आईच्याच छातीत पाणी झालं. कासियानो बातमी ऐकून विमानाने आला, सुटातच इस्पितळात शिरला, आणि आपल्या लिस्बनच्या पोर्तुगीजमध्ये डॉक्टरांशी बोलायला लागला. क्युबाचे डॉक्टर भरभर, निम्मी अक्षरं गिळून बोलणारे. दोघांना एकमेकांचं धड कळेना. डॉक्टरांनी कंटाळून हात वर केला आणि हाक मारली, "अग्रिपिना."

ती आली. आईच्या खाटेच्या एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला कासियानो, आणि ती नेहमीसारखी थोडी मागे, डावीकडे उभी.

डॉक्टर बोलले. ती भावाकडे न बघता म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, पाणी काढलंय. ताप उतरतोय. नातेवाइकांनी घाबरू नये."

"वाचेल ना?" कासियानोने विचारलं.

तिने विचारलं. "वाचेल म्हणतात. वय झालंय, पण आत्ता वाचेल."

कासियानो खाटेच्या दांडीला धरून उभा होता. तो तिच्याकडे वळला. "अग्रिपिना, मला माफ कर."

तिने डॉक्टरांकडे वळून ते वाक्य स्पॅनिशमध्ये सांगितलं. रुग्णाचे नातेवाईक माफी मागताहेत.

डॉक्टर गोंधळले. त्यांनी काहीतरी विचारलं.

"डॉक्टर विचारतात," अग्रिपिना म्हणाली, "कशाची?"

कासियानोने तोंड उघडलं. परक्या माणसासमोर, भर वॉर्डात, शेजारच्या खाटांवरच्या बाया कान देऊन ऐकत असताना त्याला एक शब्द फुटला नाही. डॉक्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग खांदे उडवले आणि पुढच्या खाटेकडे गेले. अग्रिपिना त्यांच्या मागे गेली.

आई बरी होऊन घरी आली. ती अजून दर रविवारी तीन ताटं मांडते. तिसऱ्या ताटावर कासियानो देशात असला तर येऊन बसतो, आणि नेमकी तेव्हा अग्रिपिनाची इस्पितळात कामाची पाळी असते.